अल्हाम्ब्रा व हेनेरालिफे
स्पेनमधील ग्रानादा शहरात साबिका टेकडीवर असलेला मूर राजवाडा-किल्ला व त्याशेजारची उद्याने. नासरी घराण्याच्या पहिल्या मुहम्मदाने १२३८ मध्ये बांधकामास प्रारंभ केला. आज दिसणारे वैभव मुख्यत्वे चौदाव्या शतकातील पहिला यूसुफ व पाचवा मुहम्मद यांच्या कारकिर्दींतले. सिंहचौकातील कारंज्याचे पात्र १२ संगमरवरी सिंहांच्या पाठीवर पेललेले असून त्याच्या काठावर इब्न झमरक याचे काव्य कोरले आहे. भिंतींवरील नाजूक नक्षी मात्र बव्हंशी गिलाव्याची.

खरी करामत पाण्याची. दार्रो नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवून पाटाने टेकडीवर आणले. हेनेरालिफेतील जलसोपानाच्या कठड्यांवरच पन्हळी वाहतात. हात टेकला की बोटे भिजतात. पाटाच्या चौकातील, छायाचित्रांत हटकून दिसणाऱ्या कमानदार धारा ही उत्तरकालीन भर होय. १४९२ मध्ये ग्रानादा ख्रिस्ती सत्तेकडे गेले. पुढे पाचव्या चार्ल्सने महालांना खेटून बांधलेला प्रबोधनकालीन प्रासाद भव्य खरा, पण तेथे उपराच वाटतो. १९८४ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आले. नासरी महालांच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ नेमून दिलेली असते. ती गाठूनच बागांचा फेरफटका आखावा.