दिवाण माधवरावांची सचोटी

चेन्नईस बदलून आलेल्या मराठी माणसाला मैलापूर म्हटले की कपालीश्वराचे देऊळ आठवते. याच मैलापुरात राजा सर टी. माधवराव यांनी १८९१ साली देह ठेवला, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असते.

तंजावरी मराठी घराण्यातील हा गृहस्थ १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मला, मद्रासेत पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकला, आणि त्याच्या नोकरीचा आरंभ येथील अकाउंटंट जनरलच्या कचेरीत झाला. (आम्हां कारकुनांस हा तपशील विशेष प्रिय आहे!) १८५७ साली, तिशी गाठण्यापूर्वीच, त्रावणकोरची दिवाणगिरी त्यांच्याकडे आली. खजिना रिता होता, इंग्रजांची खंडणी थकली होती, आणि संस्थान खालसा होण्याची भीती डोक्यावर होती. अशा वेळी सामान्य कारभारी रयतेवर नवे कर लादतो. माधवरावांनी उलट मिरीची सरकारी मक्तेदारी उठवली. हाती येणारे उत्पन्न सोडून देण्यास धैर्य लागते. पण अशा मक्त्यातून रयतेची नागवण होते आणि अंमलदारांना चरावयास कुरण मिळते, हे कोणत्याही कचेरीत बसलेल्या माणसाला सांगावयास नको. १८६३ पर्यंत संस्थानाचे कर्ज फिटले.

लाच न घेणे एवढीच सचोटी म्हणावी, तर ती आमच्या आसपासही पुष्कळांपाशी आहे. धन्याला न रुचणारे त्याच्या तोंडावर सांगणे ही मात्र दुर्मिळ गोष्ट. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर बडोद्याचा विस्कटलेला कारभार माधवरावांकडे आला. ते इंग्रजांचे नेमलेले दिवाण होते, हा आक्षेप खोटा नाही. तरी १८८१ साली, तरुण सयाजीरावांच्या हाती अधिकार येण्याच्या तोंडावर, त्यांनी जी व्याख्याने दिली, ती वाचावीत. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती ग्रंथरूप झाली. राज्य प्रजेच्या सुखासाठी आहे आणि खुशमस्कऱ्यांपासून राजाने सावध राहावे, असे भावी अधिपतीला बजावणारा सेवक पुढच्याच वर्षी पद सोडून मद्रासेस परतला.

त्रावणकोरातही १८७२ साली महाराज आयिल्यम तिरुनाळ यांची मर्जी फिरल्यावरच त्यांना पद सोडावे लागले होते. त्याच वर्षी ‘कलकत्ता रिव्ह्यू’त त्यांच्या कारभाराचा गौरव करणारा एक लेख आला. लेखक होते विशाखम तिरुनाळ, माधवरावांचे जुने शिष्य आणि महाराजांचे सख्खे धाकटे बंधू.