आजोबांचे घड्याळ आणि एकोणचाळीस मिनिटे



या व्यासपीठावरून इतिहासाचे मोठमोठे प्राध्यापक बोलून गेले आहेत. मी प्राध्यापक नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे जे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटावर आणि कामगार न्यायालयाच्या कागदांवर. तेव्हा आजचा इतिहास मी पुस्तकातून नव्हे, खिशातून काढणार आहे. हे पाहा, एक मनगटी घड्याळ.

हे माझ्या आजोबांचे. ते लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास त्यांनी हे जुन्या बाजारातून घेतले. तबकडीवर वेस्ट एंड वॉच कंपनी, सोवार प्रायमा, बॉम्बे–कलकत्ता अशी अक्षरे आहेत. नाव लंडनच्या वस्तीचे, यंत्र स्वित्झर्लंडचे आणि पेढी मुंबईची! सोवार म्हणजे आपला स्वार. लष्करातल्या शिपायांत ही घड्याळे फार खपली. आमचे आजोबा मात्र आयुष्यात घोड्यावर बसले नाहीत.

घड्याळ धड नाही. तबकडी चहा सांडल्यासारखी तपकिरी झाली आहे. आकड्यांवरचा रेडियमचा लेप दोन ठिकाणी उडाला आहे. सेकंदकाटा दुसऱ्याच घड्याळाचा, चावीही बदललेली. गेल्या वर्षी ते बंद पडले आणि घरात प्रश्न उभा राहिला: आहे तसे ठेवावे, नवे करून घ्यावे, की विकून टाकावे?

विकावे असे धाकट्या भावाचे म्हणणे. जुन्या घड्याळांच्या एका शौकिनाने सात हजार देऊ केले होते. भाऊ रात्रपाळीला इमारतीची राखण करतो. तो म्हणाला, "दादा, तुझा इतिहास पेटीत पडून राहील. माझ्या पोरीची फी पेटीत पडून राहत नाही." आयुष्यभर मी मालकांशी वाद घातले, पण या वाक्याला मला लगेच उत्तर सुचले नाही. हिस्सा त्याचाही होता.

घड्याळजीचे मत तिसरेच. तो म्हणाला, तबकडी नवी रंगवून देतो, लखलखीत होईल. आमच्या मुंबईत ही कला फार चालते. इतकी की नव्याने रंगवलेल्या भडक तबकडीच्या घड्याळांना जगभरचे शौकीन थट्टेने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. या कारागिरांना मी नावे ठेवणार नाही. मोडके चालते करणे ही या शहराची रोजची विद्या आहे आणि ज्याला फक्त वेळ पाहायची त्याला त्यात खोट नाही. पण माझा प्रश्न वेगळा होता. जुना रंग खरवडला की त्याबरोबर काय जाते?

यासाठी थोडे मागे जावे लागेल. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. त्यातली एक मागणी पाहा: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मला या मागणीने कितीदा तरी थांबवले आहे. सुरुवात घड्याळावर आणि शेवट सूर्यावर! कारण घड्याळ गिरणीच्या भिंतीवर, मालकाचे. कामगाराच्या हातात सूर्य तेवढा होता आणि तो कोणाला पुढेमागे करता येत नव्हता. रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली. पण पुढे 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यही निकामी झाला. दिवस तेरा-चौदा तासांवर गेला.

त्यातच 1 जानेवारी 1906 रोजी सरकारने सबंध देशाची एक वेळ ठरवली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती, नवी वेळ साडेपाच तास पुढे. फरक 39 मिनिटांचा. कागदावर हा नुसता हिशेब. पण भोंगा नव्या वेळेने वाजणार म्हटल्यावर चाळीतल्या माणसाला 39 मिनिटे आधी, आणखी अंधारात, उठणे आले. त्या महिन्यात हजारो गिरणी कामगार गेटाबाहेर जमले, कामावर जाण्यास त्यांनी नकार दिला, दगडही पडले. पुढाऱ्यांनी त्यात स्वाभिमानाचा प्रश्न पाहिला. नगरपालिकेने मुंबईची जुनी वेळ थेट 1955 पर्यंत धरून ठेवली. कामगाराचा प्रश्न मात्र झोपेचा होता. तो पुढे कायद्यानेच थोडाथोडा सुटत गेला: 1911 साली बारा तास, 1922 साली अकरा, 1934 साली दहा, आणि 1948 च्या कायद्यात आठवड्याचे 48 तास.

आजोबांनी घड्याळ घेतले ते या शेवटच्या टप्प्यावर. शहरात तेव्हा दोन वेळा होत्या. घड्याळ भोंग्याशी लावलेले असे, पण नगरपालिकेच्या कामाला निघताना मनात 39 मिनिटे वजा करावी लागत, असे ते सांगत. भोंगा दोन मिनिटे आधी वाजला तर ते मनगट पुढे करून जॉबरला दाखवीत. जॉबर हसे. पण साचेवाल्याच्या मनगटावर वेळेचा दुसरा साक्षीदार आला होता, हे काही थोडे नव्हे.

आता झाकणाच्या आतली बाजू. घड्याळजीने ते उघडून भिंग माझ्या हाती दिले. आत सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. दर दुरुस्तीला कारागीर अशी खूण करून ठेवतात. त्या सहा निघाल्या. सातवी खूण वेगळी, ठसठशीत आकडा. घड्याळजी म्हणाला, ही दुरुस्तीची नव्हे, गहाणाची असावी. मला आठवले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर होते, त्यांत माझे वडील. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्या पावसाळ्यात घड्याळ घरातून गेले आणि तीन वर्षांनी परत आले. आईने कशाने सोडवले ते तिने कधी सांगितले नाही.

हे ऐकल्यावर भाऊ बराच वेळ झाकण उलटसुलट करीत बसला. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला यातले काही ठाऊक नव्हते. पण मग तो म्हणाला, "हे सगळे खरे, पण फीचे काय?" त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि मी तो टाळला नाही. शौकिनाने सांगितलेली किंमत धरून त्याचा निम्मा हिस्सा मी चार हप्त्यांत द्यायचा, असे आम्ही ठरवले. कागदावर लिहून सह्या केल्या. युनियनवाल्याच्या घरात तोंडी करार होत नाहीत.

तबकडीला हात लावू दिला नाही. रेडियमचा लेप खरवडणे तसेही शहाणपणाचे नव्हे. त्याची चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याला निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात, आणि त्याची धूळ छातीत जाऊ नये. यंत्र मात्र उघडून धुतले, तेल घातले, तुटलेली मुख्य स्प्रिंग बदलली. परका सेकंदकाटा तसाच राहू दिला. काम झाल्यावर घड्याळजीने आपली खूण कोरली, आठवी.

घड्याळ आता दिवसाला चार मिनिटे मागे पडते. चावी रोज संध्याकाळी पुतणी देते, कारण ते भावाच्या घरी ठेवले आहे. आज व्याख्यानासाठी मागून आणले. दोन हप्ते दिले आहेत, तिसरा दिवाळीत.