तंजावर पाहताना

तंजावरास प्रथमच जाणारा प्रवासी बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर पाहून स्तिमित होतो आणि नगर पाहून झाले, असे समजून परततो. परंतु चोळ, नायक आणि मराठे या तिघांच्या खुणा ओळखल्यावाचून तंजावर उमगत नाही.

मंदिरात सकाळीच जावे. दुपारी फरशी तापते व अनवाणी चालवत नाही. चोळ सम्राट पहिला राजराज याने हे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण केले. शिखराची छाया भूमीवर पडत नाही, ही केवळ आख्यायिका होय. सकाळच्या उन्हात पश्चिमेकडे पाहिल्यास ती स्पष्ट दिसते. गर्भगृहाभोवतालच्या भिंतींवर नायककालीन चित्रांखाली झाकलेली चोळांची चित्रे १९३१ साली उजेडात आली.

त्यानंतर आवारातील भिंतीवरचा मराठी शिलालेख अवश्य पाहावा. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या वंशातील दुसऱ्या सरफोजींना १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या हाती सोपवावा लागला. चारच वर्षांनी, १८०३ मध्ये, त्यांनी भोसले कुळाचा इतिहास येथे देवनागरीत कोरविला. सत्ता गेलेल्या राजाने आपली ओळख पाषाणाच्या स्वाधीन केली!

अखेरीस राजवाड्यातील सरस्वती महाल पाहावा. नायकांच्या काळापासूनचा हा ग्रंथसंग्रह सरफोजींनी वाढविला. १८५५ मध्ये राजपदही लयास गेले. ग्रंथ मात्र टिकले. ते पाहिल्यावर परतताना पुन्हा शिखराकडे दृष्टी टाकावी. मग ते केवळ उंच वाटत नाही.