कृत्रिम पाय: सपाटीवर आणि उतारावर

सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावे आहेत. अपशिंगे त्यातले सर्वांत नावाजलेले. पाय गमावलेल्या जवानांसाठी १९४४ मध्ये पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पुढे १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबरी पाऊल घडवले. अनवाणी चालणे, उकिडवे बसणे ही आपली गरज त्यात ओळखली गेली.

चालण्याच्या नेहमीच्या चाचण्या मात्र सपाट जागेवरच्या: ६ मिनिटांत किती अंतर, खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन यायला किती सेकंद. उतार आणि जिना उतरण्याला वेगळे गुण देण्याची पद्धत २००७ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात वापरली गेली. उताराला ० ते ११, जिन्याला ० ते १३. कठडा न धरता, प्रत्येक पायरीवर एकच पाऊल टाकत उतरलात तर पूर्ण गुण.

खरी परीक्षा उतरतानाच असते. साधे कृत्रिम पाऊल घोट्यात फारसे वाकत नाही, त्यामुळे उतारावर गुडघा पुढे ढकलला जातो. जावळी-पाटणच्या माणसाला हे रोजचेच. सांगली-मिरजेच्या सपाटीवर राहणाऱ्यालाही एसटीची पायरी चुकत नाही. म्हणून पाय बसवून घेताना तंत्रज्ञाला आपला रस्ता, आपला जिना नीट सांगा. तिथल्या जिन्यावर, कठड्याजवळ, सोबत माणूस ठेवून उतरून दाखवा.