थेटफर्डचे मेयर

थॉमस पेन हे नाव आपल्याकडे रुजले ते जोतीराव फुले यांच्यामुळे. ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पेन यांचे पुस्तक जोतीरावांनी तरुणपणी वाचले, हे त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. पण पेन ज्या गावचे, त्या थेटफर्डकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यातले हे लहानसे गाव. १७३७ साली पेन इथे जन्मले आणि इथल्याच ग्रामर स्कूलमध्ये शिकले. वडील स्त्रियांच्या कॉर्सेट शिवणारे कारागीर. या गावच्या नगरपालिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी जे घडले, त्याने माझे कुतूहल चाळवले.

पेन यांच्या लहानपणी थेटफर्ड पार्लमेंटवर दोन सभासद पाठवी, आणि त्यांना निवडणारे मतदार होते जेमतेम तीसेक! नगरपालिकेचे सभासद तेच मतदार. जागा रिकामी झाली की उरलेले सभासदच ती भरत. शेजारच्या युस्टन हॉलमधल्या ग्राफ्टनच्या ड्यूकची मर्जी सांभाळली की बाकी काळजी नसे. मूठभर मतदारांच्या असल्या मतदारसंघांवर पेन यांनी पुढे जे कोरडे ओढले, त्याचा पहिला धडा त्यांना घरच्या अंगणातच मिळाला असावा, असे मला वाटते.

१८३५ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या नगरपालिकांचा हा घरचा कारभार मोडला. गावात राहून घरपट्टी भरणाऱ्याला मत मिळाले. १८६९ मध्ये घरपट्टी भरणाऱ्या स्त्रियांनाही ते मिळाले. पार्लमेंटसाठी त्यांना आणखी जवळजवळ पन्नास वर्षे थांबावे लागले. १८७२ पासून मतदान गुप्त झाले. दरवर्षी १ नोव्हेंबरला एक तृतीयांश नगरसेवक नव्याने निवडले जात, आणि ९ नोव्हेंबरला नगरपालिका वर्षभरासाठी मेयर निवडी. म्हणजे मेयर थेट जनतेचा नव्हे, सभागृहाचा.

१९०३ मध्ये थेटफर्डच्या नगरपालिकेत डॉ. अ‍ॅलन ग्लेझर मिन्स निवडून आले. मिन्स कृष्णवर्णीय. त्यांचा जन्म १८५८ चा, बहामा बेटांतल्या इनाग्वाचा. लंडनच्या गाय्‌ज हॉस्पिटलमध्ये वैद्यकी शिकून ते थेटफर्डला आले. तिथे त्यांचा भाऊ आधीपासूनच डॉक्टरकी करत होता. गावच्या छोट्या इस्पितळाचे आणि अनाथ-निराधारांच्या वर्कहाउसचे वैद्यकीय अधिकारी म्हणून मिन्स काम पाहत. निवडून आल्यावर पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, सभागृहाने त्यांना मेयर केले, आणि त्यानंतरच्या वर्षी पुन्हा तेच. पाच हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावात डॉक्टर म्हणजे घरोघर पाय लागलेला माणूस. आपल्याकडेही अशा डॉक्टरला नगरपालिकेची वाट सोपी जाते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

ब्रिटनमधले पहिले कृष्णवर्णीय मेयर म्हणून आज मिन्स यांचे नाव घेतात. बरीच वर्षे हा मान लंडनच्या बॅटरसीतल्या जॉन आर्चर यांना दिला जाई. १९१३ मध्ये ते ४० विरुद्ध ३९ मतांनी, म्हणजे एका मताने, मेयर झाले. राजधानीतली चुरस गाजली, थेटफर्ड विस्मरणात गेले.

पेन यांच्या गावात हे घडावे, याचा मोह इतिहास लिहिणाऱ्याला पडणारच. मला मात्र हा मानवी हक्कांचा विजय म्हणवत नाही. मिन्स यांना मत मिळाले, उभे राहता आले, ते ब्रिटिश प्रजाजन आणि घरपट्टी भरणारे म्हणून. कायद्याने कातडीचा रंग विचारला नाही, पावती विचारली. ज्या वर्कहाउसमध्ये ते रोगी तपासत, तिथल्या रहिवाशांना मत नव्हते. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांवरची ही बंदी १९१८ पर्यंत टिकली. पेन यांना हे रुचले नसते.

आणि हिंदुस्थानी माणूसही ब्रिटिश प्रजाजनच होता. तरी १८९९ मध्ये कलकत्त्याच्या नगरपालिकेतले लोकनियुक्त सभासद ५० वरून २५ वर आणले गेले. सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह २८ सभासदांनी राजीनामे दिले. कर्झनसाहेबांचे सरकार हलले नाही. घरपट्टी तर कलकत्तेकरही भरत होते! आपल्या गावातला परका माणूस चालत होता. परक्याच्या गावातला बहुमताचा कारभार चालत नव्हता.

पेन यांचे वाचक जोतीराव स्वतः १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते, पण सरकारनियुक्त. पुणेकरांना आपले नगरसेवक निवडण्याचा हक्क तेव्हा नव्हता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते, म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्यावा म्हणून जोतीरावांनी विरोध केला, आणि तो त्यांनी एकट्याने केला. सरकारने नेमलेल्या सभागृहात सरकारच्या पाहुण्याविरुद्ध पडलेले हे एक मत मला थेटफर्डच्या दोन वर्षांच्या मेयरकीपेक्षा पेन यांच्या अधिक जवळचे वाटते.

मिन्स यांचा थेटफर्डातच जन्मलेला मुलगा अ‍ॅलन नोएल हाही डॉक्टर झाला. पहिल्या महायुद्धात तो लष्करी वैद्यकीय दलात अधिकारी होता. गॅलिपोलीला गेला, डीएसओ आणि मिलिटरी क्रॉस ही दोन्ही पदके त्याने मिळवली. १९२१ मध्ये तो गेला. वडील त्यानंतर नऊ वर्षे जगले.