शेर, पायली आणि बाइट

वऱ्हाडांतील आसेगांवसारख्या गांवीं एके काळीं ज्वारी पायलीनें मोजली जात असे, आणि पायली म्हणजे नेमकें किती, हा प्रश्न बाजार बदलला कीं नव्यानें उभा राही. मणाची कथा तर याहून विलक्षण. मुंबईचा मण २८ पौंडांचा, बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक. नांव मात्र दोघांचें एकच. कच्च्या मणाचा भाव ऐकून पक्क्या मणाचा सौदा करणाऱ्याची फजिती व्हावयाचीच! अखेर १९५६ सालीं संसदेनें वजनमापांचा कायदा केला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनें व्यवहारांत येऊं लागलीं, आणि ८० तोळ्यांच्या शेराचे ९३३ ग्रॅम हें कोष्टक घरोघर शिकावें लागलें.

योगायोग असा कीं, इकडे जुना घोळ मिटविण्याचा कायदा होत होता त्याच १९५६ सालीं अमेरिकेंत आयबीएम कंपनींत एका नव्या घोळाचें बीज पडत होतें. वर्नर बुखोल्त्झ यांनीं त्या वर्षीं ‘बाइट’ हा शब्द घडविला, आणि त्याच वर्षीं त्या कंपनीनें हार्ड डिस्क बसविलेला पहिला संगणक, रॅमॅक, बाजारांत आणला. त्याच्या ५० चकत्यांवर ५० लाख अक्षरें मावत. पण त्यांतील एकेक अक्षर ६ बिटांचें होतें. बिट म्हणजे होय किंवा नाहीं एवढेंच सांगणारा माहितीचा सर्वांत लहान कण. पुढें १९६४ सालीं त्याच कंपनीच्या सिस्टिम ३६० या यंत्रमालिकेनें ८ बिटांचा बाइट रूढ केला. म्हणजे रॅमॅकचीं ५० लाख अक्षरें आजच्या मापानें ३७॥ लाख बाइटच भरतात. चकती तीच, माहिती तीच. शेर तेवढा बदलला.

हा हिशेब केवळ विद्वानांच्या करमणुकीचा नव्हे. १९८८-८९ सालीं केंद्र सरकारनें जमिनीच्या दप्तराच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशांतील ८ जिल्ह्यांत आरंभिला. त्यांत महाराष्ट्रांतून विदर्भांतील वर्धा जिल्हा निवडला गेला. सातबाऱ्याचा उतारा हा शेतकऱ्याचा जीव कीं प्राण. तो एकदां चकतीवर गेला म्हणजे यंत्र जुनें झालें कीं त्याला नव्या यंत्रावर हलविणें ओघानेंच आलें. आणि जुनी चकती कुरकुर करूं लागली असेल, तर ती आणखी किती वेळ फिरत राहिली पाहिजे हें आधीं कळावें लागतें. येथेंच वेगाचें गणित उपयोगीं पडतें, आणि येथेंच तें फसवितें.

त्या दशकांतील वैयक्तिक संगणकांत एसटी-५०६ नांवाची जोडणी फार प्रचलित होती. १९८० सालीं शुगार्ट टेक्नॉलॉजी या कंपनीनें काढलेल्या चकतीवरून तिला हें नांव पडलें. तिचा वेग सेकंदाला ५० लाख बिट. ८ नीं भागिलें म्हणजे ६,२५,००० बाइट. शाळकरी मुलालाहि जमेल असें हें गणित. परंतु चकती मिनिटाला ३,६०० फेरे, म्हणजे सेकंदाला ६० फेरे घेई. प्रत्येक फेऱ्यांत ५१२ बाइटांचे १७ खंड वाचतां येत. उरलेली जागा खुणा व मोकळी पट्टी खाऊन टाकी. गुणाकार केला तर ५,२२,२४० बाइटच हातीं लागतात. गोष्ट एवढ्यावरच थांबत नाहीं. १९८३ सालच्या आयबीएम एक्सटी यंत्राला एक खंड पचविण्यास वेळ लागे, म्हणून पुढचा खंड सहाव्या घरांत मांडीत; एक वर्तुळ वाचण्यास ६ फेरे! वेग उतरला ८७,०४० वर. त्याच्या चकतीवर असलीं १,२२४ वर्तुळें होतीं. कागदावरच्या वेगानें तीं १७ सेकंदांत वाचून व्हावींत. प्रत्यक्षांत २ मिनिटांहून अधिक वेळ लागे.

स्कझी या दुसऱ्या जोडणीची रीत निराळी. १९८६ सालीं तिचें प्रमाण ठरलें. तींत ८ तारा एकाच वेळीं ८ बिट नेत, म्हणून ठोक्यागणिक एक बाइट. सेकंदाला ५० लाख ठोके म्हणजे ५० लाख बाइट. आंकडा एसटी-५०६ चाच, वजन मात्र आठपट! ज्यानें दोन्ही जोडण्यांच्या माहितीपत्रकांत नुसता ‘५’ वाचला तो फसला. पुढें तारा १६ झाल्या, ठोके वाढले, आणि दोहोंच्या गुणाकारानें हा वेग ४० मेगाबाइटांवर व त्यापलीकडे गेला.

२००३ सालीं सिरियल एटीए ही जोडणी आली, आणि ८ नीं भागण्याचा सोपा नियमहि निरुपयोगी झाला. तिचा वेग १५० कोटी बिट. भागाकारानें १८७॥ मेगाबाइट यावे. येतात १५० च. कारण येथें दर ८ बिटांमागें तारेवरून १० बिट धाडले जातात. जादा दोहोंमुळें ठोक्यांचा मेळ राहतो व चूक ओळखूं येते. वाणी मापांत हात घालतो तसा हा प्रकार वाटेल, पण येथें तें वाहतुकीचें भाडें आहे.

किलो म्हणजे १,००० कीं १,०२४, हाहि तंटा होताच. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी तर दोन्हींकडची नव्हे. तींत १४,७४,५६० बाइट, म्हणजे हजार वेळां १,०२४ चे १.४४ पट. अकोल्यांतून वाशीम जिल्हा निराळा निघाला त्याच १९९८ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानें १,०२४ साठीं ‘किबी’ हें वेगळें नांव दिलें. लोकांच्या तोंडीं मात्र किलोच राहिला. मेट्रिक कायद्यानंतर शेरहि असाच कित्येक वर्षें बाजारांत बोलला जात असे.

आसेगांव याच जिल्ह्यांत येतें. आतां तेथील शेतकऱ्याचा सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह फोनवर उतरवितां येतो. त्या कागदाचा आकार फोन बाइटांत दाखवितो. जाळ्याचा वेग कंपनी बिटांत सांगते.