भिलाईचे अभियंते आणि मॉस्को
2 फेब्रुवारी 1955 च्या भारत-सोव्हिएत करारानुसार दुर्गजवळ भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला, तेव्हा झोतभट्टी, म्हणजे तप्त हवेच्या झोताने खनिजातून लोखंड वितळवणारी भट्टी, चालवण्याचे शिक्षण घेण्यासाठी भारतीय अभियंत्यांना सोव्हिएत कारखान्यांत पाठवण्यात आले. स्वदेशी परतण्यापूर्वी ज्यांना मॉस्कोत सवड मिळाली, त्यांच्यापुढे 1935 पासून धावणारी, राजवाड्यासारख्या संगमरवरी स्थानकांची भुयारी रेल्वे होती. लाल चौकातील समाधिगृहात 1961 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत लेनिनशेजारी स्टालिनचेही शव जतन केलेले होते, त्यामुळे नंतरच्या तुकड्यांनी तेथे पाहिलेला इतिहास निराळा होता, आणि हा बदल कोणत्याही राजकीय भाषणापेक्षा बोलका मानावा लागेल. दरम्यान 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली होती.